जुन्या अडतीचा जीर्णोद्धार



वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या पेठेच्या गावी आपण गेलात, मग ते कारंजा असो, अंजनगाव असो, दर्यापूर असो की मूर्तिजापूर असो, बाजाराच्या ऐन मध्यावर एका विशिष्ट घडणीची इमारत आपल्या दृष्टीस पडल्यावाचून राहणार नाही. रस्त्यापासून कमरेइतका उंच दगडी ओटा, ओट्यावर सागवानी खांबांची रांग, त्यामागे उभ्या फळ्या लावून बंद करावयाचे दुकान, आणि वर कडीपाटाची माडी. आज तिच्या दर्शनी भागावर रंगीत प्लॅस्टिकचा भला मोठा फलक ठोकलेला असतो. एका खणात मोबाईल दुरुस्त करणारा बसतो, दुसऱ्यात कोणी चपला विकतो, उरलेल्या खणांना गंजलेली कुलुपे असतात. माडीच्या भिंतीतून पिंपळाचे रोप डोके बाहेर काढून रस्त्याकडे पाहत असते. गावातील तरुणास विचारले तर तो सांगेल, "ती होय? ती जुनी अडत. पडायला आली आहे."

पडायला आलेल्या या इमारतीविषयीच मी आज आपणाशी बोलणार आहे. मी स्थापत्यशास्त्राचा जाणकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म मुलांकडून पाढे घोकून घेण्यात घालविलेला एक मास्तर आहे. परंतु माझे वडील अशाच एका अडतीत दिवाणजी होते. शाळा सुटली की मी त्या ओट्यावर जाऊन बसे आणि त्यांचा रोजमेळ लिहून होईतो खांबाला टेकून पेंगत असे. काही वर्षांपूर्वी तीच अडत पाडावी की सावरावी, असा प्रश्न तिच्या मालकांपुढे उभा राहिला, तेव्हा जुना माणूस म्हणून त्यांनी मला बोलाविले. त्या निमित्ताने जे पाहिले, ज्यात चुकलो आणि जे शिकलो, ते सांगतो. गावाचे व मालकांचे नाव घेत नाही, कारण हिस्सेदारांचे प्रकरण अद्याप मिटलेले नाही.

प्रथम या इमारती उभ्या कशा राहिल्या, ते पाहू. वऱ्हाडचा कापूस रेल्वे येण्यापूर्वीही दूरदूर जात असे. अमरावतीहून बैलांच्या पाठीवर लादून तो गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे ओझे कलकत्त्याकडे रवाना केले असे म्हणतात, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. या श्रीमंतीवर पेंढाऱ्यांची नजर असे, म्हणूनच १८०७ मध्ये निजामाच्या अमलात अमरावतीच्या पेठेभोवती परकोट बांधण्यात आला. जवाहर दरवाजा हा त्याच परकोटाचा. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीतील कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटे निघाले, ते मुख्यतः कापसाच्या गाठी उचलण्यासाठीच. अकोल्यात मोर्णेच्या पश्चिमेस जुने गाव, तर पूर्वेच्या काठी ताजनापेठ, अशी दुहेरी वस्ती झाली. आमच्या पेठांतील बहुतेक अडती या भरभराटीनंतरच्या साठ-सत्तर वर्षांतल्या आहेत.

अडत म्हणजे काय, हेही आता नव्या पिढीला सांगावे लागते. शेतकरी गाडी भरून कापूस आणी. अडत्या त्याचा माल गिऱ्हाइकास दाखवी, भाव ठरवून देई, माप करवी, पैसे चुकते करी आणि त्याबद्दल शेकडा काही आकार घेई. त्यात लबाडीलाही पुष्कळ वाव होता. दलालाने गिऱ्हाइकाचा हात धोतराच्या सोग्याखाली धरावयाचा, बोटे दाबून भाव ठरवावयाचा आणि मालाच्या धन्याने नुसते तोंडाकडे पाहत राहावयाचे, अशी ती रीत होती. या व्यवहारास शिस्त लागावी म्हणून १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्याचा कापूसबाजार नियंत्रित करण्यात आला. हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला बाजार होय. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा स्वतंत्र कायदाच झाला. आज देशभर ज्या बाजार समित्या आहेत, त्यांचे मूळ अशा रीतीने आमच्याच पेठेत आहे. कारंजा आता वाशीम जिल्ह्यात मोडते; परंतु वऱ्हाडी माणसाच्या मनात हे जिल्हे अजून पुरते वेगळे झालेले नाहीत. असो.

या इतिहासाचा इमारतीशी संबंध असा की तिचा प्रत्येक भाग या व्यापारासाठीच घडविलेला आहे. ओटा उंच का? कारण बैलगाडी मागे घेऊन लावली की तिचे तळ आणि ओटा एका पातळीत येई, बोझा उचलावा लागत नसे. फळ्या का? कारण हंगामात सबंध दर्शनी भाग उघडा टाकता येई. आत डावीकडे गादी आणि तक्क्या, उजवीकडे काटा, मागे चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना कोठारे. कोठाराच्या भिंती दोन-दोन हात जाड, त्यामुळे वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असताना आत गारवा राही. वरच्या माडीवर वह्या, खतावण्या, आणि रात्री उशीर झालेल्या कास्तकारांच्या वळकट्या. माडीवर कापूस कधीच ठेवीत नसत, हे ध्यानात असू द्या. त्याचा उल्लेख पुढे येणार आहे.

मग ही भरलेली घरे रिकामी कशी झाली? पुष्कळांना वाटते, जुने झाले म्हणून ओस पडले. खरे कारण निराळे आहे. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ पासून कापूस सरकारनेच घ्यावयाचा असे ठरले. शेतकऱ्याला निश्चित भाव मिळावा, हा हेतू चांगला होता. त्या योजनेच्या गुणदोषांत मी शिरत नाही. परंतु त्या एका हंगामात अडतीचा धंदाच उरला नाही. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. दसऱ्याला नेहमीप्रमाणे काट्याची पूजा झाली, पण गाडी आली नाही. वडिलांनी दिवाळीत कोऱ्या वहीवर श्री लिहिला आणि ती वही कोरीच राहिली. पुढे २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना पुन्हा मोकळीक मिळाली, तोवर जिन आणि प्रेस गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर गेले होते. जेथे ट्रक उभा राहत नाही तेथे गाठ कोण नेणार? मूर्तिजापूरहून कारंज्याकडे जाणारी शकुंतलेची छोटी गाडीही आता बंद आहे.

याला भाड्याच्या कायद्याची जोड मिळाली. आमच्याकडे मध्यप्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश, १९४९, हा २००० साली महाराष्ट्राचा नवा भाडे-कायदा अमलात येईपर्यंत लागू होता. भाडेकरूला संरक्षण हवेच होते; परंतु ज्या खणाचे भाडे महिन्याकाठी एका कपबशीच्या किमतीचे, त्याच्या कौलांवर मालक खर्च कशाला करील? मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरू जागा सोडीत नाही, आणि दोघांच्या मध्ये पाणी गळत राहते. वऱ्हाडातील निम्म्या पेठा या पाण्याने खाल्ल्या आहेत.

आता आमच्या अडतीकडे वळतो. तिचे चार हिस्सेदार, चुलत-चुलत भाऊ. एक गावात, एक अमरावतीस, एक पुण्यास, एक कोठे असतो ते त्यालाच ठाऊक. एका ठेकेदाराने त्यांना सांगितले, "पाडा, खाली सहा गाळे आणि वर सहा गाळे काढून देतो." गावातल्या भावाच्या मनात ती पाडावयाची नव्हती. तो मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगा." मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, भिंतींना ओल येते आहे ना, मग खालपासून छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा पक्का गिलावा करून टाका, म्हणजे ओल थांबेल. त्याने माझे ऐकले. दोन पावसाळे झाले, आणि ओल छातीच्या वर, तुळयांच्या टोकांपर्यंत जाऊन पोहोचली.

माझी चूक कोठे झाली, ते मला एका म्हाताऱ्या गवंड्याने समजावून दिले. त्याने गिलाव्यावर हातोडीची मूठ वाजवून पाहिली, आतून पोकळ आवाज आला. तो म्हणाला, "भिंतीले बी घाम येते, गुरुजी. घाम कोंडला का अंगावर पुरळ उठते." या एका वाक्यात सबंध शास्त्र आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांना आपला खारपाण पट्टा पसरलेला आहे. तेथील जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यात क्षार आहेत. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे हे पाणी पायातून भिंतीत चढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. त्यातून पाणी हवेत उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे फुलून येतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. लोण्याने गिलावा झडतो हे खरे, परंतु झडतो तो गिलावा, भिंत नव्हे; काही वर्षांनी तो खरवडून नवा करावयाचा. सिमेंटने मात्र वाटच बुजते. मग पाणी वर वर चढत जाते, क्षार विटेच्या आत फुगून तिचा भुगा करतात, आणि भिंतीत रुतलेले तुळईचे टोक बारमाही ओले राहून कुजते. मी भिंत वाचवावयास गेलो आणि तुळया घालविल्या. तो सारा सिमेंटचा गिलावा काढावा लागला. तो काढताना निम्म्या विटांची तोंडे सोबत निघाली. त्या दिवशी मी ओट्यावर बसू शकलो नाही, पलीकडे चहाच्या टपरीवर उभा राहिलो.

तेव्हापासून आम्ही कामाचा क्रम बदलला. तो क्रम असा की रंगरंगोटी सर्वांत शेवटी आणि पाणी सर्वांत आधी. पाणी वरून येते, खालून येते आणि शेजाऱ्याकडून येते. वरच्या पाण्यासाठी छप्पर. आमच्या अडतीचा पुढचा भाग कौलारू, मागचे कोठार धाब्याचे. धाब्यावर दरवर्षी मृगापूर्वी पांढऱ्या मातीचा थर द्यावयाची रीत असते. ती रीत चांगली. परंतु जुना थर न काढता नवा देत गेल्यामुळे सत्तर-ऐंशी वर्षांत वर दीड हात माती साचली होती. तुळया वाकल्या त्या म्हातारपणाने नव्हे, या ओझ्याने. खालून टेकू देऊन ती माती टोपल्या-टोपल्यांनी उतरविली, सर्व बाजूंनी सारखी, एकाच अंगाची एकदम नव्हे. आणि काय आश्चर्य, दोन तुळया बोटभर वर उचलल्या गेल्या. मग चुन्याचा कोबा करून त्याला पन्हळीकडे उतार दिला.

खालच्या पाण्यासाठी ओट्याच्या मागील मोरी बाहेर काढली आणि भिंतीला लागून नगरपालिकेच्या गटाराचे पाणी साचत होते, तेथे फरसबंदीचा उतार बदलला. शेजाऱ्याच्या शोषखड्ड्याविषयी बोलावयास मला तीन वेळा जावे लागले. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी होता म्हणून काम झाले. कायद्याने झाले असते तर मी आज हे भाषण देऊ शकलो नसतो.

भेगांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण भेग दिसली की मालक घाबरतो आणि ठेकेदार आनंदतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेतात भेगा पडतात त्या आपण पाहतोच. पायाखालीही तेच घडते. म्हणून काही भेगा उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात. अशी भेग इमारतीच्या आयुष्याबरोबर चालत आलेली असते, ती चुन्याने भरून घेतली म्हणजे पुरे. जी दोन्ही ऋतूंत वाढतच जाते, ती मात्र पाया खचल्याची खूण. कोणती भेग कोणत्या जातीची, हे ओळखण्याचा सोपा उपाय आहे. भेगेवर आडवी अशी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवावयाची आणि तिच्यावर तारीख लिहून ठेवावयाची. भिंत हलली की काच तडकते. परंतु एका महिन्यात निष्कर्ष काढू नये. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. आमच्याकडे नऊ पट्ट्या लावल्या होत्या. वर्षभरात सहा जशाच्या तशा राहिल्या. "पडायला आली आहे" असे ज्या इमारतीबद्दल सबंध गाव म्हणत होते, तिचा हा निकाल.

चुना तयार करणे ही गोष्ट पूर्वी प्रत्येक गवंड्यास येत असे. भाजलेली चुनकळी पाण्यात विरवून निदान पंधरा दिवस ओली ठेवावयाची. जितकी जास्त ठेवाल तितकी चांगली. मग एक भाग चुना, तीन भाग स्वच्छ वाळू, किंवा ओलीच्या जागी थोडी वाळू कमी करून विटांची सुरखी. सिमेंट काही तासांत घट्ट होते. चुना हवेतील कर्बवायू हळूहळू शोषून पुन्हा दगड बनतो, त्याला महिने लागतात. म्हणून हे काम कार्तिकापासून माघापर्यंत करावे आणि गिलाव्यावर ओले गोणपाट टाकावे. आमच्या वैशाखाच्या उन्हात चुना घट्ट होण्याआधीच वाळून जातो आणि पुढे हाताने चोळला तरी भुकटी पडते. आमच्याकडे चुन्याची घाणी कोठेच उरली नव्हती. यंत्राच्या चाकीत चुना मळला. जुने लोक त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालीत. आमच्या मिस्त्रीने घातला. मला कारण विचारता आले नाही, पण गिलावा अजून टिकून आहे.

लाकडाच्या बाबतीत एवढेच सांगतो की सबंध तुळई कधी फेकू नये. आरीने टोचून पाहिले असता कुजलेला भाग बहुधा भिंतीत रुतलेल्या हातभर टोकापुरताच असतो. तेवढा कापून, जुन्या पक्क्या सागाचा तुकडा सांधा करून बसवावयाचा आणि दोन्ही अंगांस लोखंडी पट्ट्या मारून बोल्ट आवळावयाचे. आज तसा साग विकत घेऊ म्हटले तर ऐपत पुरणार नाही. पाडलेल्या वाड्यांचे लाकूड विकणारे असतात, त्यांच्याकडे असा तुकडा मिळतो. एक अडत सावरावयास दुसऱ्या पडलेल्या अडतीचे लाकूड लागावे, यातले दुःख मी बाजूस ठेवतो.

आता खरा प्रश्न. इमारत धडधाकट झाली. तिचे करावयाचे काय? येथे बाहेरची उदाहरणे उपयोगी पडतील. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, १९९३ साली ते बंद पडले, आणि जीर्णोद्धार होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडले, ते नाट्यगृह म्हणूनच. युनेस्कोने २०१७ मध्ये त्या कामाचा गौरव केला. पुण्याची मंडई १८८६ पासून आजतागायत भाजीच विकते; जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत तिच्या खर्चाला विरोध केला होता, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. उलट नागपूरची एम्प्रेस मिल पाहा. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे. नाव तेवढे राहिले. परंतु मुंबई, पुणे, नागपूर येथे पैसा असतो, गिऱ्हाईक असते. तालुक्याच्या गावाचे काय?

त्यासाठी अमेरिकेतील एक प्रयोग मला अधिक जवळचा वाटतो. तेथेही लहान गावांच्या मुख्य रस्त्यावरील दुकाने गावाबाहेरच्या मोठ्या बाजारांमुळे ओस पडली होती. १९७७ साली तेथील वारसा-जतन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांत काम आरंभिले. प्रत्येक गावी एक पगारी माणूस नेमला. त्याचे काम इमारतीची डागडुजी पाहणे एवढेच नव्हते, तर दुकानदारांना एकत्र आणणे, बाजाराचे दिवस ठरविणे, रिकाम्या खणाला योग्य भाडेकरू शोधणे हेही होते. दर्शनी भागांवर ठोकलेले धातूचे पत्रे त्यांनी काढले, तो आत जुनी सुंदर वीटकाम केलेली तोंडे शाबूत सापडली. आमच्या प्लॅस्टिकच्या फलकामागेही काय आहे, ते एकदा काढून पाहावे. आमच्या अडतीच्या फलकामागे नक्षीच्या महिरपी होत्या. मीच त्या विसरलो होतो. शिवाय तेथील सरकार जुनी व्यापारी इमारत रीतीने दुरुस्त करणाऱ्यास खर्चाच्या शेकडा २० इतकी करात सूट देते. आपल्याकडे मुंबईसाठी वारसा-इमारतींचे नियम १९९५ मध्ये झाले, देशात पहिले. परंतु तालुक्याच्या पेठेतील साध्या अडतीस कोणत्या यादीत घालावयाचे? ती किल्ला नाही, देऊळ नाही, कोणी थोर पुरुष तीत जन्मला नाही. सवलत नाही ती नाही. निदान दुरुस्तीच्या वर्षात मालमत्ता कर वाढू नये, इतके नगरपालिकांनी केले तरी पुष्कळ होईल.

म्हणून आमच्या गावी आम्ही एकदम सगळे करण्याचा हव्यास सोडला. पुढच्या चार खणांपैकी एकच खण प्रथम पुरा केला आणि भाड्याने दिला. तेथे बचत गटाच्या बायका ज्वारीची धिरडी, सांडगे, कुरडया आणि तूरडाळ विकतात; ओटा उंच असल्यामुळे माल मांडावयास वेगळे टेबल लागले नाही. त्या भाड्यातून दुसऱ्या खणाचे काम झाले. नव्या कराराचे भाडे बाजारभावाने ठरविले आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदविला, म्हणजे जुना घोळ पुन्हा नको. माडीसाठी प्रथम एका व्यापाऱ्याने मागणी घातली, त्यास खतांची पोती ठेवावयाची होती. भाडे चांगले देत होता. मी हात जोडले. ती माडी वह्या आणि झोपलेली माणसे यांच्यासाठी बांधलेली आहे. पोत्यांच्या थप्पीसाठी नव्हे. आता तेथे अभ्यासिका आहे. स्पर्धा-परीक्षा देणारी पोरे-पोरी सकाळी सहापासून येऊन बसतात. जिना अरुंद व लाकडी म्हणून एका वेळी वीसच जणांस प्रवेश. विजेच्या तारा लाकडावरून न नेता नळीतून नेल्या, आणि मागच्या चौकात उतरणारा दुसरा लोखंडी जिना लावला. हे न करता माडी उघडली असती तर तो जीर्णोद्धार न होता अपघाताची तयारी झाली असती.

राहिली कागदपत्रांची बाब. पेठेतील पुष्कळशी जमीन नझूलची आहे. पट्ट्याची मुदत संपून गेलेली असते आणि कोणाच्या लक्षातही नसते. मुदत संपलेल्या पट्ट्यावर बँक कर्ज देत नाही. आखीव पत्रिकेवर आजोबांचे नाव, आजोबांना जाऊन चाळीस वर्षे झालेली, आणि वारस वीस. माझा अनुभव असा की जुन्या अडती लोण्याने, वाळवीने जितक्या पडतात, त्याहून अधिक या वारसनोंदीने पडतात. ज्यांच्या घरी अशी इमारत असेल त्यांनी गवंड्यास बोलाविण्यापूर्वी भूमापन कार्यालयात जाऊन यावे आणि सर्व हिस्सेदारांच्या सह्यांचा एक साधा करार करून घ्यावा की पहिली अमुक वर्षे भाड्याची रक्कम दुरुस्तीतच घालावयाची. आमच्या चार भावांपैकी तिघांच्या सह्या झाल्या आहेत. पुण्याचे भाऊ गेल्या दिवाळीत आले, अभ्यासिकेत तासभर बसले, आणि जाताना सही करून गेले. चौथ्यांचा पत्ता लागला आहे; पत्र पाठविले आहे, उत्तर यावयाचे आहे. ते न म्हणाले तर तिसऱ्या आणि चौथ्या खणाचे काम अडेल, आणि ठेकेदार अजून वाट पाहत आहे, हे मला ठाऊक आहे.

तिसऱ्या खणाच्या मागील भिंतीवरील काचेची पट्टी मागच्या वैशाखात तडकली. तिच्या शेजारी नवी बसविली असून तिच्यावर तारीख घातली आहे. ती पाहावयास मी दर रविवारी सकाळी जातो.